परीचा ब्रेड-पिझ्झा

“परी जेवली का?” जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच तो विचारायचा. हातात कंपनीचे जड बूट, अंगावर घामेजलेला निळा शर्ट, आणि उत्तर मिळेपर्यंत गडी जागचा हलायचा नाही. मी मुद्दाम वेळ लावायची. “जेवली बाबा, तुझ्या वाटणीचंही जेवली,” म्हटलं की मग हसायचा.

रहाटणीत आमच्या समोरच्या खोलीत हे बापलेक राहायचे. मूळचा लातूरकडचा, चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत कामाला. बायको डेंग्यूने गेली तेव्हा परी बालवाडीत होती. तो शिफ्टला गेला की परी माझ्याकडे. पोरीचा मला कधी त्रास झाला नाही, बापाचाच व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन ठरलेला, आणि प्रश्नही तोच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एकच पदार्थ येतो पण तोरा मात्र आचाऱ्याचा. याला ब्रेडचा पिझ्झा यायचा. ब्रेड आधी एका बाजूने तव्यावर खरपूस भाजायचा, उलटायचा, भाजलेल्या बाजूवर सॉस, बारीक कांदा, सिमला मिरची, वर किसलेलं चीज. मग झाकण. “भाजल्याल्या बाजूवरच घालायचं काकू, न्हाईतर लिबलिबीत होतंय,” हे मला त्याने किती वेळा ऐकवलं असेल! पहिला तुकडा परीपुढे जायचा.

“इन्स्पेक्टर मॅडम, पास का रिजेक्ट?”

परी गंभीरपणे चावायची, मान डोलवायची. मग बाकीचे ब्रेड तव्यावर चढायचे. कंपनीत पहिला नग तपासून घेतल्याशिवाय लाइन सुरू होत नाही म्हणे. आई गेल्यावर पोरीने जेवण टाकलं होतं, ती या पिझ्झ्यावर परत खायला लागली. म्हणून मीही त्याची थट्टा जरा जपूनच करायची.

परीच्या आईकडच्या आजी-आजोबांना तिला गावी न्यायचं होतं. आईविना लेकरू आणि बाप सदा शिफ्टला. त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नाही. ते दोघं बघायला येणार म्हटल्यावर याची झोपच उडाली. खोली धुऊन काढली, परीच्या वह्यांना नवी कव्हरं घातली. मी म्हटलं, “वरण-भात, भरलं वांगं मी करून देते.”

“नको काकू. मी लेकराला काय करून घालतो, ते बगू द्या की त्यांला.”

मलाही ते पटलं होतं.

आजीपुढे ताट आलं. पिझ्झा सुरेख झाला होता, चीजला नुसती तार सुटत होती. आजीने ताटाला हातच लावला नाही. त्यांच्या गावात पाव आणतात तो आजाऱ्यासाठी, दुधात बुडवून द्यायला.

“जावई, लेकराला पावावर वाढवलालाव का तुमी?” म्हातारीचा आवाज फाटला. “माजी लेक दवाखान्यात ह्योच पाव खात गेली की हो.”

त्याने ताट उचलून आत नेलं. त्याच आठवड्यात त्यांनी परीला गावी नेलं. तो तिचं दप्तर घेऊन गाडीपर्यंत गेला. परत आला तेव्हा जिन्यात त्याने मला काहीच विचारलं नाही. मला रडू आवरेना.

पुढे एका सुट्टीच्या दुपारी तो माझ्याकडे चहा पीत बसला होता, तेव्हा आजीचा फोन आला. फोन स्पीकर लावून टेबलावर होता, मला सगळं ऐकू येत होतं. पोरगी भाकरीला शिवत नाही, दुधावर राहिलीय, वाळत चाललीय. “त्ये तुमचं पावाचं कसं करत्यात? सांगा तेवढं.”

मी त्याचा हात धरला. फोनवर हात ठेवून हळूच म्हटलं, “सांगू नकोस रे. खात नाही म्हटल्यावर झक मारत आणून सोडतील.” मला अजूनही वाटतं, सोडली असती.

तो म्हणाला, “उपाशी ठिवून आणू का काकू तिला?”

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. गॅस किती ठेवायचा, कांदा किती बारीक, तालुक्याला कुठल्या दुकानात चीज मिळतं. आजी मध्येमध्ये विसरायची, तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. कंटाळला नाही, चिडला नाही. चहावर साय धरली.

दोन दिवसांनी तो कामावर निघाला होता, तेव्हा जिन्यातच फोन वाजला. मी दारात उभी होते.

“खाल्लं बगा जावई!” आजीचा आनंद मला इथवर ऐकू आला. “आनिक मागाय लागलीय.”

“द्या की मग,” तो म्हणाला, आणि कठड्याला धरून खाली बसला. त्या दिवशी त्याची कंपनीची बस चुकली.