आठवा प्रश्न भरतीचा

दोन हजार तेवीस साल होतं, मला बहात्तरावं चाललेलं. शाळा माझी तिसरीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो, कारण टीव्हीवाल्यांनी ते तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी शिकलेल्या माणसासाठी टाळ्या कशाच्या, ते मला अजून कळलेलं नाही. मी काही लंगडत आलो नव्हतो.

मी सारसोळ्याचा. बापानं आठव्या वर्षी डोलीवर नेलं, म्हणजे खाडीत खुंटांना बांधलेलं लांब पिशवीसारखं जाळं असतं त्याच्यावर, आणि परत शाळेत सोडलं नाही. पण वाचायला आलं होतं ते मी सुटू दिलं नाही. जेट्टीवर बाकीचे जाळी सांधत बसायचे, मी मोठ्यानं पेपर वाचायचो. पहिल्या पानापासून खाली छापखान्याचा पत्ता असतो तिथपर्यंत. कुठल्या देशाचा पंतप्रधान पडला, कुठल्या नदीवर धरण झालं, सगळं जेट्टीवर माझ्या तोंडून कळायचं. असा पन्नास वर्षं वाचला.

होडी माझी चार वर्षं चिखलात उभी होती. इंजिन गेलं होतं आणि तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. मुलगा कंपनीत सुपरवायझर. घरावर त्यानं दोन मजले चढवले, भाडेकरू ठेवले. त्याला होडी नको होती. खारघरचा एक हॉटेलवाला ती मागत होता. म्हणे हॉटेलच्या दारात उभी करू, आत रंगीत दिवे सोडू, गिऱ्हाईक बाजूला उभं राहून फोटो काढेल.

मी मुलाला म्हटलं, "माझ्या होडीत दिवे? तुझ्या बापाची समाधी हाय काय ती?"

मुलगा म्हणाला, "बाबा, कुजून चाललीय ती. दुरुस्तीला पैसे कुठनं आनायचे? आनि पान्यात घालून करनार काय? खाडीत मासा उरलाय का?"

मासा थोडा उरलाय. चिंबोरी मिळते, निवटी मिळते, कधी नशीब असेल तर जिताडा. पण त्याला ते सांगून उपयोग नव्हता. होडी हा आमच्या घरातला रोजच्या जेवणातला वाद झाला होता.

नात माझी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. जाडं पुस्तक घेऊन ओट्यावर बसायची. एकदा मजा म्हणून तिनं मला दहा प्रश्न विचारले, मी आठ सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. तिनं मला न विचारता टीव्हीच्या प्रश्नांच्या कार्यक्रमाला माझं नाव पाठवलं. तिकडनं फोन आला, फोनवर प्रश्न झाले, मग एका ऑफिसात बोलावून परत प्रश्न झाले, आणि मला घेतलं.

त्या दिवशी जेवताना मुलगा हसत म्हणाला, "ठीक हाय बाबा. जिंकलात तर होडी करा दुरुस्त, मी तोंड नाय उघडनार. हरलात तर खारघरवाल्याला द्यायची."

"आठ प्रश्न झाले की फळ्यांचे पैसे पन निघतात आनि इंजिनाचे पन," मी म्हटलं. नातीनं तसा हिशोब करून ठेवलाच होता.

"मग आठ. लागली?"

"लागली." भाताच्या हातानंच मी टाळी दिली. सून म्हणाली, "हात तरी धुवा दोघांनी."

महिनाभर नातीनं मला घोटून घेतलं. एकच दिवस आमचं वाजलं. ती पुस्तकातून वाचत होती, "सगळ्यात मोठी भरती, पौर्णिमा आणि अमावास्या."

"कोन बोललं?"

"पुस्तक."

"पुस्तकाला सांग, बीजेला जेट्टीवर ये."

आमच्याकडे ज्याला पाण्यात जायचं असतं त्याला पहिलं हेच शिकवतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. ही बोटांवरची गणितं. आणि दुसरं, पुनवेला आणि अवसेला पाणी चढायला लागतं, पण सगळ्यात वर येतं ते मागाहून, बीजेला, म्हणजे द्वितीयेला. पुनवेचं पाणी बघून जो होडी बांधतो त्याची होडी बीजेला दोर तोडून जाते. माझ्या चुलत्याची गेली होती. बापानं मला ते रिकामे खुंट दाखवायला नेलं होतं, मारण्यापेक्षा ते जास्त लागलं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजा, तुमचं खरं असेल. पण तिथे खाडी नसते, तिथे कार्ड असतं. कार्डावर आहे तेच बोलायचं. प्रॉमिस?"

"बरं बाय," मी म्हटलं. म्हणालो होतो. ते नाकारत नाही.

मग टीव्हीवाल्यांची माणसं कॅमेरा घेऊन गावात आली. माझी ओळख दाखवायची होती. एक पोरगी होती, केस कापलेली, हातात कागद. म्हणाली, "काका, तुम्ही तुमचा पारंपरिक ड्रेस घाला ना. तो रुमाल आणि टोपी."

"तो रुमाल म्हंजे सुरका. तो आमी हळदीला नेसतो. मी पन्नास वर्षं पँट घालतोय."

"पण काका, लोकांना कळलं पाहिजे ना तुम्ही कोळी आहात."

"मासे बघून नाय कळत?"

ती हसली आणि निघून गेली. मला वाटलं मिटलं. नंतर कळलं, जेट्टीच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी गावातल्याच एका रिक्षावाल्याला सुरका नेसवला, टोपी घातली, हातात जाळं दिलं आणि पाठीमागून शूटिंग केलं. तो बिचारा जाळं फेकत होता ते पण उलटं. त्याला कधी येत होतं?

शूटिंगच्या दिवशी आम्हाला गाडीनं मुंबईत नेलं. आत थंडगार, अंगावर काटा येईल एवढं. तोंडाला पावडर लावली. नात समोरच्या खुर्चीवर, बरोबर आलेल्या माणसाला बसवतात तिथं. विचारणारा माणूस गोड होता. "काका" शिवाय बोलत नव्हता. पहिले सात प्रश्न मी असे सोडवले की त्यालाच पाणी प्यावं लागलं. धरण, राज्य, संतांचं गाव, क्रिकेट, एक मसाल्याच्या पदार्थाचा. एकाही प्रश्नाला मदत घेतली नाही. प्रेक्षकांना विचारायची मदत होती, फोन करायची होती, दोन्ही शिल्लक.

आठवा प्रश्न पडद्यावर आला. महिन्यातली सर्वांत मोठी भरती कोणत्या तिथीच्या सुमारास येते? अ, अष्टमी. ब, द्वितीया. क, पौर्णिमा. ड, एकादशी.

नातीचा चेहरा उजळला. मी बघितला. तिला बोलायला बंदी, पण ती हसत होती. आमचाच प्रश्न आला होता ना. घरातला.

कार्डावर काय आहे ते मला माहीत होतं. हे स्पष्ट लिहितो, कारण गावात अजून म्हणतात म्हातारा गडबडला. मी गडबडलो नव्हतो. क एवढं एक अक्षर म्हटलं असतं तर होडी पाण्यात होती. मला ते म्हणता आलं नाही. पडद्यावर दोन्ही लिहिलेलं होतं, बीज पण आणि पुनव पण. बीज लिहिलेली नसती तर मी गपचूप पुनव म्हटलो असतो. पण समोर खरं लिहिलेलं असताना त्याच्या शेजारच्या खोट्यावर बोट ठेवायचं, आणि ते सुद्धा भरतीच्या बाबतीत, मी?

"ब," मी म्हटलं. "बीज."

नातीनं डोळे मिटले.

"काका, विचार करा. दोन मदती आहेत तुमच्याकडे. प्रेक्षकांना विचारू या?"

"त्यांनी भरती बघितलीय?"

लोक हसले. तो पण हसला. "काका, तुम्ही कोळी. नारळी पौर्णिमेला तुम्ही दर्याला नारळ देता. तरी पौर्णिमा नाही म्हणता?"

"नारळ द्यायला पुनव. पानी बघायला बीज."

"नक्की?"

"नक्की म्हंजे काय, मी तिथं उभा राहिलोय छातीभर पान्यात."

उत्तर चुकीचं ठरलं. मग मी जे बोललो ते शांतपणे बोललो. चुलत्याची होडी सांगितली, दोन दिवस पाणी का मागे राहतं ते सांगितलं, म्हटलं बीजेला माझ्याबरोबर या, खुंटावर खूण करून दाखवतो. त्यांनी शूटिंग थांबवलं. कानात बटण घातलेला एक माणूस फाइल घेऊन आला, दुसऱ्याशी कुजबुजला. मग माझ्याजवळ वाकून म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असेलही. पण आमच्या पुस्तकात हेच आहे, आणि सगळ्यांना तेच विचारतो. पुढचा स्पर्धक बसलाय."

चुकलं की आधीच्या सातांचे पैसे पण जातात, म्हणून मला मसाल्यांची एक पेटी दिली. आमच्या घरात मसाला सून स्वतः कुटवून आणते.

गाडी वाशीच्या पुलावर आली तेव्हा नात माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मला प्रॉमिस केलं होतं तुम्ही."

"केलं होतं."

"मग?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. सानपाड्याला ती रडायला लागली आणि मी तिच्या डोक्यावर हात पण ठेवला नाही. त्याची लाज मला त्या आठव्या प्रश्नापेक्षा जास्त वाटते.

कार्यक्रम टीव्हीवर येईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, अशी सही घेतली होती. तीन आठवडे मी गप्प. गाव मात्र गप्प नव्हतं. "काय मग, नवीन इंजिन कुठल्या कंपनीचं?" "बोलत नाय म्हंजे लय जिंकलाय!" मुलानं काही विचारलं नाही, पण त्यानं खारघरवाल्याला थांबवून ठेवलं होतं हे मला माहीत होतं. बापाला जिंकलेला धरूनच चालला होता तो.

ज्या दिवशी दाखवणार त्या संध्याकाळी पोरांनी देवळासमोर मोठा पडदा लावला. खुर्च्या मांडल्या, मला पुढे बसवलं, गळ्यात हार घातला. मी नको म्हटलं. ऐकतंय कोण.

पहिलंच चित्र आलं ते सुरका नेसलेल्या माणसाचं, पाठमोरा, जाळं फेकतोय. वर बाईचा आवाज, तिसरी शिकलेला हा दर्याचा राजा. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे हा तर आपला रिक्षावाला! मीटर टाक रे!" सगळं देऊळ हसलं. मी पण हसलो थोडा.

सात प्रश्नांना शिट्ट्या झाल्या. आठवा आला. मी ब म्हणालो. "प्रेक्षकांना विचारू या?" होतं. "त्यांनी भरती बघितलीय?" होतं, आणि लोकांचं हसणं वाढवून लावलं होतं. नारळी पौर्णिमा होती. त्यावर मी जे बोललो ते नव्हतं. चुलत्याची होडी नव्हती, खुंट नव्हते, तो फाइलवाला नव्हता. मी नक्की म्हणतो, लाल दिवा लागतो, आणि तो गोड माणूस कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "कधी कधी घरचंच उत्तर आपल्याला सापडत नाही." मग जाहिरात.

देवळासमोर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. जुनी चार माणसं होती, ज्यांना बीज माहीत आहे. त्यांच्याकडे बघितलं. एक म्हणाला, "तुझं खरं हाय रं. पन तिथं कशाला?" दुसरा हार काढायला मदत करायला लागला.

घरी नात म्हणाली, "आजा, मी लिहिते त्यांना. भरतीचं वेळापत्रक छापलेलं मिळतं, तारखा आणि उंची सगळं असतं त्यात. पुराव्यासकट पाठवते. त्यांना बोलवावं लागेल तुम्हाला परत."

"नको."

"का पण? तुम्ही बरोबर आहात!"

"मी बरोबर हाय हे त्यांनी कागद बघून मला सांगायचं?"

ती उठून आत गेली. मुलगा तिथंच बसला होता. बराच वेळ चप्पल पायानं इकडून तिकडं सरकवत होता. मग म्हणाला, "बाबा, जाऊ दे. मी मस्करीत बोललेलो. राहू दे होडी. बघू, पुढल्या वर्षी मीच करतो काहीतरी."

त्याला माझी दया आली होती. अजून चार वर्षं भांडला असता तर मी पण भांडलो असतो. दयेला काय करणार?

"टाळी दिली होती," मी म्हटलं. "खारघरवाल्याला फोन लाव."

"बाबा..."

"लाव म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी जेट्टीवर गेलो. टेम्पो आणि क्रेन नऊला येणार होते. पिंप भरून पाणी नेलं होतं, होडी आतून बाहेरून धुतली. चार वर्षांचा चिखल होता, दोन तास लागले. मग पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, लिहिलेला तिचा नंबर खरवडायला बसलो; तो नंबर पाण्यात जाणाऱ्या होडीचा असतो. क्रेनवाला हॉर्न मारत होता. शेवटचा आकडा पूर्ण जाईपर्यंत मी त्याला होडीला हात लावू दिला नाही.