ओढ्याचा चढ आणि पहिला गिअर

नवऱ्याला लांब कडा गावच्या साखर कारखान्यावर काम लागलं तेव्हा घरात पेढे आले आणि मी बदलीचा अर्ज लिहायला बसले. वडवणीजवळच्या आमच्या गावापासून मी शिकवते ती वस्तीवरची शाळा अडीच किलोमीटर. रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट, मध्ये ओढा आणि ओढ्यापलीकडं उभा चढ. लहानपणी पोलिओनं माझा डावा पाय अधू केला. बारा वर्षं नवरा मला मोटारसायकलवर मागं बसवून शाळेत सोडत होता. आता तो सुट्टीलाच घरी येणार. बाजूला चाकं लावलेली स्कूटर आणून पाहिली, तर ती चाकोरीत अडकून दोनदा कलंडली, दुसऱ्यांदा माझ्यासकट. त्या शाळेच्या भिंतीवरची अक्षरं मी माझ्या हातानं रंगवलेली. ती सोडायची म्हणजे अगदी जिवावर आलं होतं.

माझ्या धाकट्या दिराचं वडवणीत मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या मोटारसायकलीला तण काढायचं कोळपं जोडून द्यायची त्याची ख्याती. ज्यांना बैल ठेवणं जमत नाही, ते त्याच्याकडं येतात. अर्जाचं कळल्यावर तो घरी आला.

"वहिनी, अर्ज राहू द्या महिनाभर. मी करतो कायतरी."

"काय करणार? मला कोळप्याला जुंपणार?"

"जुंपलं असतं, पन तुमी कुनाचं ऐकत न्हाई."

महिन्याभरात त्यानं चौकोनी पाइपचा सांगाडा जोडला, त्यावर दोन सीटा आणि पुढं पत्र्याचं तोंड बसवलं. अपघातात मोडलेल्या एका मोटारसायकलचं दीडशे सीसीचं इंजिन सीटच्या मागं टाकलं. तिथून साखळी मागच्या चाकांच्या आसाला. माझा डावा पाय क्लच दाबणार नाही म्हणून क्लच आणि गिअर दोन्ही हाताच्या दांड्यांवर घेतले, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक उजव्या पायाला ठेवले. या गाडीला पासिंग मिळणार नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. ती डांबरीवर जायची नाही, शेतातली वाट तेवढी तिची. मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो, आणि उतरून गाडी मागं ढकलणं मला जमणारं नव्हतं. म्हणून त्यानं शाळेपुढचं रान एका रविवारी फावड्यानं सपाट करून गोल वळायला जागा केली. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला ते आपणहून सुचलं.

गाडी त्यानं एकट्यानं पळवली आणि खूश होऊन आला. "साठनं पळती!"

मला साठनं कुठं जायचं होतं? मी बसले आणि ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी मेली. क्लच जळाल्याचा वास सगळ्या रानात. दिरानं कपाळावर हात मारला. मोटारसायकलवर होती तीच दातेरी चक्रं त्यानं ठेवली होती, आणि गाडीचं वजन त्या मोटारसायकलच्या दुपटीहून जास्त. त्यानं मागचं चक्र मोठं बसवलं. पळ कमी झाला, ओढ वाढली. तो बसला की गाडी चढ चढायची. मी बसले की निम्म्यात बंद. चार दिवस हेच. अर्जाची मुदत जवळ आली, तसा माझा स्वभाव आणखी आंबला.

"स्पष्ट सांगा ना, या बाईचं काम नाही म्हणून," मी त्याच्यावर ओरडले. पुढच्या खेपेला तो गाडीबरोबर पायी चालत राहिला आणि माझ्या हाताकडं बघत होता.

चढावर गाडी पुन्हा मेली तसा तो म्हणाला, "वहिनी, तुमी दुसरा गिअर कशाला टाकता?"

"मी? कधी?"

"आत्ता. आवाज चढला की तुमचा हात आपोआप दांडीवर जातोय."

मला पटेना. मग आठवलं. माझ्या नवऱ्याला ॲव्हरेजचं वेड. इंजिनाचा आवाज जरा वाढला की तो गिअर वाढवून मोकळा. आमच्याकडं सगळे तसंच चालवतात. एका लिटरमध्ये कोण किती लांब गेलं यावर पारावर पैजा लागतात. मी जन्मात गिअरची गाडी चालवली नव्हती, पण मागं बसून बारा वर्षं तोच आवाज ऐकला होता. तेवढा माझा कान तयार झाला होता, आणि नेमका तोच आता आडवा येत होता.

दिरानं खिशातून सुतळी काढली आणि गिअरची दांडी पहिल्या गिअरमध्ये करकचून बांधून टाकली.

"हे इंजिन हळू फिरताना कायबी देत न्हाई. लई जोरात फिरलं की मग देतं. आवाजाला भिऊ नका. पाय दाबूनच ठेवा."

मी पाय दाबला. इंजिन असं काही किंचाळलं की मीही किंचाळले. हात दांडीवर गेला, सुतळीला लागून परत आला. आणि पाठीमागून कुणीतरी ढकलावं तशी गाडी अचानक ओढायला लागली. वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं. दीर खालून धापा टाकत, हसत वर येत होता.

सोमवारी एकटीच निघाले. चढ चढले, शाळेपुढं गोल वळसा घेतला, कुलूप काढलं. शाळा भरायला अजून अर्धा तास होता. एवढ्या लवकर मी कधीच पोचले नव्हते. पायरीवर बसून राहिले. काही करायचं नव्हतं, तरी उठावंसं वाटेना.

संध्याकाळी दीर साखळी तपासायला घरी आला. इंजिन तापलं का, तेल गळलं का, सगळं इंजिनाचंच विचारत होता. मी म्हटलं, "बसा जरा. आजवर मी शाळेत पोचायची ती दुसऱ्याच्या सवडीनं. माहेरी भावाच्या, इथं नवऱ्याच्या. आज चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मला कुणी आणून सोडलं नाही. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

त्यानं पाना हातात घेतला आणि घट्टच असलेली साखळी पुन्हा घट्ट करायला लागला.