उजवीकडून वाचायचं पुस्तक

लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्याच दिवशी कळलं, आपल्याला सवत आहे. भिंतभर लावलेली, आणि रोज तिच्यावरची धूळ नवरा स्वतःच्या हाताने पुसतो. मांगा म्हणतात तिला, जपानी चित्रकथा, इंग्रजीत आलेली, काळीपांढरी. एक मुलगा, त्याचं एक लंगडं खेचर, आणि वारा कुठून सुटतो ते शोधायला निघालेली ती दोघं. एवढीच गोष्ट. नवरा शाळेत होता तेव्हा सुरू झाली, अजून संपायचं नाव नाही. काढणारा आजारी पडला की वर्षवर्ष पुढचा भाग येत नाही, आणि तेवढे दिवस आमच्या घरात सुतक असतं. मी म्हणायचे, वारा हवाय ना, खिडकी उघडा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. हत्यारांच्या पिशवीत पाने, पक्कड, ग्रीसचं डबडं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला खेचरवाल्याचा एक भाग. दोन मजल्यांच्या मध्ये कोणी अडकलं की हे वरून ओरडतात, "दार ढकलू नका, मी आलोय," आणि काम करता करता आतल्या माणसाने घाबरू नये म्हणून त्याला गोष्ट सांगत राहतात. एकदा एका आजींना सोडवलं, तर त्या लिफ्टच्या बाहेरच येईनात. म्हणाल्या, "खेचर पूल ओलांडतं की नाही, ते आधी सांगा."

नव्याची नवलाई होती तेव्हा यांना खूश करावं म्हणून मी पहिला भाग हातात घेतला. आपण वाचतो तसा वाचला, डावीकडून. मला काय माहीत, ही पुस्तकं उजवीकडून वाचायची, आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं! बोलणं अधूनमधून लागत नव्हतं, पण चित्रांवरून निभावलं. संपवून म्हटलं, "बरी आहे गोष्ट. पोरगा भटकून भटकून दमतो आणि शेवटी आईकडे परत येतो."

हे हसून हसून लोळले. ते चित्र सुरुवातीचं होतं. मुलगा दारात, खांद्याला पिशवी, घर सोडून निघालेला, आणि आई चुलीपाशी पाठमोरी, वळूनसुद्धा बघत नाही. आल्यागेल्या प्रत्येकाला हा किस्सा सांगून झाला. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तुमच्या गोष्टीपेक्षा माझीच बरी, पोरगं निदान घरी येतं.

एक मात्र मी बघत आले. यांच्या लहानपणी गोष्टीतला हा मुलगा यांच्यापेक्षा मोठा होता, यांचा दादाच जणू. लग्न झालं तेव्हा दोस्तासारखं बोलायचे त्याच्याबद्दल. पुढे यांचे केस पिकले, चाळिशीचा चष्मा लागला, आणि तो आपला अजून मिसरूड न फुटलेला. आता नवा भाग आला की मारामाऱ्यांची पानं हे भराभर उलटतात आणि म्हणतात, "भिजलंय गं पोरगं. कोरडे कपडे नाहीत त्याच्याकडे." मी चिडवते, पण यांच्या जिवाला खरंच लागलेलं असतं.

आमच्या लेकीला घरात भुंगा म्हणतात. एकदा मागे लागली की सोडत नाही. ती या भिंतीपाशी बसूनच अक्षरं शिकली. या वर्षी तिला जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डिंग शिकायची जागा मिळाली. दूर, रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर. आठवड्याच्या आत कळवायचं होतं. हे म्हणाले, नाही.

"तिथे कोण आहे आपलं?"

"खेचरवाल्याचं कोण होतं?" भुंगा म्हणाली. "त्याला तर तुम्ही जन्मभर जा, जा म्हणत आलात."

"तो कागदावरचा आहे."

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर हे त्याच्याशी महिनाभर बोलले नसते. भुंगा शांतपणे म्हणाली, "मी भांडून जाणार नाही, बाबा. तुम्ही हो म्हणा, मग जाईन." आणि ताट उचलून आत गेली.

मला दोघांचा राग आला. तिचा, ती जायला निघाली म्हणून. यांचा, कारण माझ्या पोटात होतं तेच हे बोलून मोकळे झाले होते आणि शहाणपणा दाखवायचं माझ्या वाट्याला आलं होतं. हे घास चिवडायचे, ती मोबाईल उलटसुलट करायची, आणि आठवडा संपत आला.

सुट्टीच्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत आले तर हे पहिला भाग मांडीवर घेऊन बसलेले. पुस्तकाचा कणा चिकटपट्टीने तगवलेला. मी बघत राहिले. पानं उलट्या बाजूने उलटत होते.

"अहो, चुकताय."

"माहितीये. तुझ्यासारखं वाचून बघतोय."

मी शेजारी बसले. आईचं ते चित्र आलं तसे थांबले. "लहानपणी मला हिचा फार राग यायचा. पोरगं चाललंय आणि बाई भांडं ढवळतेय. आता कळतं, वळली असती तर तिने जाऊच दिलं नसतं त्याला." दारातल्या मुलावर बोट ठेवून म्हणाले, "तुझ्या बाजूने आलं की तो दारात परत आलेला असतो. तिला अजून माहीत नसतं, एवढंच."

"माझ्या गोष्टीत तो येतो, खरंय," मी म्हटलं. "पण घरातून गेलाच नसता तर आला कुठून असता?"

यांनी पुस्तक मिटलं आणि जागेवर नेऊन ठेवलं. संध्याकाळी भुंग्याला म्हणाले, "कळवून टाक त्यांना."

निघायच्या दिवशी सकाळी खाली गाडी येऊन उभी होती. भुंगा स्वयंपाकघराच्या दारात, खांद्याला पिशवी. हे गॅसपाशी, आमच्याकडे पाठ करून, चहा ढवळत. साखर कधीच विरघळली होती. "जा," म्हणाले, "उशीर होईल." भुंग्याने ते चित्र जन्मभर पाहिलेलं. तिचा पाय दारातून हलेना.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, ती बाई कागदावरची आहे, तिला वळता येत नाही. तुम्हाला काय झालंय?"

हे वळले. चेहरा पार भिजलेला. भुंगा म्हणाली, "बाबा, आधी गॅस बंद करा," आणि मग तिलाही रडू फुटलं.

यांनी गॅस बंद केला, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. आमची लिफ्ट यांच्या हातातली, बटण दाबलं की हजर. त्या दिवशी दोघं जिन्याने गेली.