वडिलांची पाठ

मळीचा आंबूस वास आला, की मला अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या हॉलमधली निळी मॅट आठवते. आयुष्यभर कुस्ती खेळलेले वडील माझा जिउजित्सूचा सामना पहिल्यांदाच बघायला आले होते आणि मी शिट्टी होताच समोरच्या धिप्पाड पोरीची बाही धरून आपणहून पाठीवर पडले. "संपलं! चितपट झाली!" म्हणत वडील चपला शोधायला लागले. त्यांच्या तालमीत पाठ टेकली की कुस्ती संपते. आमचा खेळ तिथून सुरू होतो, हे मी घरी कधी सांगितलंच नव्हतं. मी डावा पाय तिच्या मानेवर चढवला आणि माझाच घोटा हाताने ओढून धरला. मांड्या भरून येईपर्यंत महिनाभर घोटलेला तो विचित्र गार्ड, म्हणजे खाली पडून पायांनी जखडायचा डाव! तिला उठता येईना. मग दुसऱ्या पायाची कात्री घालून मी मान आवळली, तशी तिने हार मानून मॅटवर थाप मारली. वडील एक चप्पल हातात धरून तसेच उभे. "खाली पडून जिंकली का गं तू? मंग मला बराबर दाखव." आख्ख्या अंबड तालुक्यात ज्यांची पाठ कुणालाच टेकवता आली नव्हती, ते सगळ्यांसमोर मॅटवर उताणे झाले. ती पाठ टेकवणारी मी अजूनही एकटीच आहे.