बशीरभाईंनी ठरवलेला खुराक

गॅरेजमध्ये गाडी आली की बशीरभाई आधी सीटवर दोन्ही हात टेकवून ती खाली दाबून बघत. मालकाचं रडगाणं नंतर. तळवड्यात त्यांच्या गॅरेजच्या वरच आमचं घर. माझा लॅब्रॅडॉर राजा लंगडताना दिसला, तेव्हा त्यांनी त्याच्याही कमरेवर तसाच, पण अगदी हलका हात ठेवला. मला तिथं शिवूही न देणारा राजा त्यांचा हात चाटू लागला. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

डॉक्टरांनी सांध्यांसाठी औषधं दिली होती आणि वजन उतरवायला बजावलं होतं. बशीरभाई म्हणाले, "ह्याचे शॉकअप काय बदलता येत नाय, भाऊ. मग लोड कमी करा." डॉक्टरांना विचारून त्यांनीच खुराक ठरवला. कातडी काढून उकडलेलं चिकन, लाल भोपळा, मूठभर भात. तूप बंद, बिस्किटं बंद. मी कंपनीत गेलो की राजा दिवसभर खाली त्यांच्याकडेच असायचा, त्यामुळे दुपारचं ताटही तेच वाढत, काट्यावर तोलून.

त्यांची हाक आली की राजा दुखऱ्या पायांनी धडपडत उठायचा. मी शिफ्ट संपवून आलो की तो नुसती शेपटी हलवायचा, तीही पडल्या पडल्या. आठ वर्षं सांभाळला कोणी? मला राहवेना. रोज संध्याकाळी मी त्याला तूप लावलेली पोळी गुपचूप भरवू लागलो. तेवढ्यापुरता तरी तो माझा व्हायचा.

महिन्याभरात वजन उलट वाढलं. राजा जिन्याच्या पहिल्या पायरीशीच बसून राहू लागला. बशीरभाईंचा चेहरा उतरला. "माझंच माप चुकतंय," म्हणाले आणि त्यांनी भातही काढून टाकला. भुकेला राजा रिकामं ताट चाटत राहिला, तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली. मी पोळीचं सांगून टाकलं.

ते चिडले नाहीत. फडक्याला हात पुसत एवढंच म्हणाले, "लाड तुमचे होतात, भाऊ, पण गुडघे त्याचे जातात."

पुढे गॅरेज बंद करून ते मुलीकडे लातूरला गेले. आता मी तोलून वाढतो, एक घासही जास्त नाही. राजा बराच हलका झालाय. परवा तो कुणीही न धरता अख्खा जिना उतरला. मी खाली हात पसरून उभा होतो. तो माझ्या बाजूनं निघून गेला आणि बशीरभाईंच्या बंद गॅरेजसमोर जाऊन बसला.