मम्मीने न शिकवलेलं फळ

माझी मम्मी भयंकर तापट होती.

आईच्या आठवणीची पोस्ट अशी सुरू करायची नसते, माहीत आहे. पण खोटं गोडगोड लिहिलेलं तिला अजिबात चाललं नसतं. माझ्यावरच ओरडली असती.

आज तिचा स्मृतिदिन.

नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये ती वॉर्ड सिस्टर होती. तिच्या चपलांचा आवाज आला की पेशंटच्या कॉटवर बसलेले नातेवाईक ताडकन उठायचे. घरी मी आणि पप्पा उठायचो.

आणि दर रविवारी हीच बाई चर्चमध्ये आमची संडे स्कूल टीचर.

जे ख्रिश्चन नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लहानपणीच 'आत्म्याचं फळ' पाठ करून घेतात. देवाचा आत्मा माणसात राहिला की स्वभावात हळूहळू नऊ गुण पिकतात, असं शिकवतात. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन.

मम्मीच्या वर्गातली मुलं आठच म्हणायची.

विश्वासूपणानंतर थेट इंद्रियदमन. सौम्यता गायब.

पंच्याण्णवच्या आसपास पाठांतराची स्पर्धा होती. आम्ही स्टेजवर चढून आठच्या आठ खणखणीत म्हटले. इगतपुरीहून आलेले परीक्षक हसून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या मुलांचं एक राहिलं."

मम्मी जागेवरून उठली.

"राहिलं नाही, साहेब. सौम्यता माझ्यातच नाही, तर कुठल्या तोंडाने शिकवू? आली की शिकवीन."

हे तिने इतक्या चढ्या आवाजात सांगितलं की परीक्षकांनी पुढे काही विचारलंच नाही. बक्षीस अर्थातच गेलं. मी घरी येईपर्यंत मुळूमुळू रडत होते.

पण ती नुसती बोलून मोकळी होणारी नव्हती.

त्याच्या दोनेक वर्षांनंतरची गोष्ट. शनिवारी नाशिकच्या द्वारका चौकात भाजी घेताना तिचं एका मावशीशी वाजलं. जुडीत आतून पिवळी मेथी निघाली म्हणून मम्मीने ती जुडी मावशींच्या टोपलीत भिरकावली आणि चारचौघांत त्यांना लबाड म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून घ्यायचा विधी. कुणाशी बिनसलेलं असेल तर आधी ते मिटवायचं, मगच भाकर घ्यायची, अशी आमच्याकडे रीत. बहुतेक जण मनातल्या मनात मिटवतात.

भाकरीची थाळी आमच्या बाकापाशी आली. मम्मीने ती तशीच पुढे सरकवली, माझा हात धरला आणि भर उपासनेतून बाहेर पडली. सगळं चर्च माना वळवून बघत होतं. मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लुनावर थेट द्वारका.

आम्हाला बघून मावशींनी पदर खोचला. "काय बाई, आज रविवारी बी भांडायला आल्या का?"

"नाही मावशी. काल मी तुम्हाला लबाड म्हणाले. माझं चुकलं. माफ करा."

मावशींनी खोचलेला पदर सोडला. "अवं, रोज शंभर जणी बोलत्यात. मी तर इसरून बी गेले."

"मी नाही ना विसरले."

मावशींनी मला कोथिंबिरीची जुडी दिली आणि म्हणाल्या, "तुझी आई लय तिखट हाय, पण चांगली हाय."

परत आलो तेव्हा चर्च रिकामं होतं. पाळकसाहेब थाळी झाकत होते. त्यांनी काही न विचारता मम्मीला भाकर दिली. ती बाकावर बसून किती तरी वेळ रडली. मला भूक लागली होती आणि घरी मटण होतं, म्हणून मी चिडचिड करत होते. तेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

घरी जाताना तिने विचारलं, "आली का गं माझ्यात? थोडी तरी?"

"अजून कच्ची आहे," मी म्हणाले.

तो आमचा कायमचा जोक झाला. मी पुण्याला जॉबला गेले, तरी फोन ठेवताना ती विचारायची, "आली का गं?" आणि मी म्हणायचे, "कच्ची आहे."

मग दोन हजार आठमध्ये ती स्वतःच पेशंट झाली. तिच्याच वॉर्डात.

एका सकाळी नवीन ट्रेनी सिस्टर सलाईन लावायला आली. पोरीला शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा तर मम्मीचा हात काळानिळा झाला. पोरगी सॉरी सॉरी म्हणत परत शीर चाचपू लागली. मी मनात म्हटलं, आता हॉस्पिटल डोक्यावर घेणार.

मम्मीने दुसऱ्या हाताने तिचा हात धरला.

"असू दे बाळा. माझ्या शिरा माझ्यासारख्याच हट्टी आहेत. बस जरा. पाणी पी. मग परत बघ, मला काही घाई नाही."

पोरगी रडायला लागली. मम्मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सलाईन लावून पोरगी गेल्यावर मम्मीने माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आली का गं?"

मला दिसलं होतं. समोर, ढळढळीत. पण 'हो' म्हणणं म्हणजे निरोप देणं, असं काहीतरी वाटलं मला. घाबरले मी.

म्हटलं, "कच्ची आहे अजून. एवढ्यात नाही सुटायचीस तू."

ती हसली. "बरं. अजून प्रयत्न करते."

दोन दिवसांनी ती गेली.

आता नाशिकला परत येऊन तो वर्ग मी घेते. इतकी वर्षं मीही आठच शिकवत होते. गेल्या रविवारी पहिल्यांदा सौम्यता शिकवली. ती सलाईनची गोष्ट सांगितली, बस.

एका मुलीने विचारलं, "टीचर, मग त्यांना तुम्ही सांगितलं का, आली म्हणून?"

तेच आज इथे सांगते.

मम्मी, आली होती गं.

पूर्ण पिकलेली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आता प्रयत्न पुरे. प्रभूजवळ शांत विसावा घे.