जमादारचं पथ्य

"अहो, धरा त्याला! धरा! गेली, नवी पॅन्ट गेली! एवढी माणसं दारात उभी, आणि एकालाही कुत्रं धरता येत नाही?"

आई ओरडत होती ती आमच्या जमादारवर आणि त्याच्यामागे धावणाऱ्या नानांवर. मी कॅनडाला निघालो होतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दारासमोर टॅक्सी उभी होती, बॅगा डिकीत चढल्या होत्या, आईच्या हातात दह्याची वाटी होती, आणि शेपटीपासून कानापर्यंत पिवळंधमक मलम फासलेला आमचा कुत्रा माझ्या पायाला पाठ घासत होता. प्रेमाने नव्हे. त्याला खाज सुटली होती. खांब, भिंतीचा कोपरा, स्कूटरचं चाक आणि परदेशी निघालेला मुलगा, त्याला सगळं सारखंच.

मलम नानांचं. म्हणजे खरं तर नानांच्या आजोबांचं. ते महाराजांच्या पागेत होते. पागेतून ते नुसते चालत गेले तरी घोडे उठून उभे राहायचे, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. घोडे मुळात उभेच असतात, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. घोड्याच्या खरजेवरची त्यांची कृती, करंजाच्या तेलात खललेला गंधक, हीच काय ती आमची वडिलोपार्जित इस्टेट. नाना बाजव्याजवळच्या रिफायनरीतून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गंधक कुटायला बसले. मलम परातभर व्हायचं. माप घोड्याचं होतं, आणि ते कुत्र्यापुरतं कमी करणं म्हणजे आजोबांचा अपमान.

त्या पॅन्टवरच्या वासाने विमानात माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लंडनपर्यंत रिकाम्या राहिल्या आणि हवाई सुंदरीने खिडकी उघडायचा प्रयत्न केला, हे मी टोरांटोत इतक्या पार्ट्यांमध्ये सांगितलंय की आता मलाही ते आठवतं. जे सांगत नाही ते एवढंच की टॅक्सी सुटली तेव्हा मला काही वाटलं नाही. आई रडत होती. नाना ओल्या रुमालाने शेवटपर्यंत माझी पॅन्ट पुसत होते. मी बघत होतो, दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसं.

तुमच्यापैकी जे इकडे आलात त्यांना पहिला हिवाळा सांगायला नको. बेसमेंटमधली खोली, छताजवळ बुटाएवढी खिडकी, रात्रंदिवस घरघरणारं हीटिंग. त्या कोरड्या हवेने अंगाला अशी काही खाज सुटायची की मी दाराच्या चौकटीला पाठ लावून घासायचो. लाँड्रीत भेटलेल्या एका पंजाबी ताईंनी लोशनची बाटली दाखवली. मी लोशन फासलं, कामावर गेलो, परत आलो, पुन्हा फासलं. वर्षं अशीच गेली. वेअरहाऊसमधून ऑफिसात आलो, बेसमेंटमधून अपार्टमेंटमध्ये चढलो, गाडी घेतली. सगळं झालं, आणि प्रत्येक वेळी मी वाट बघत राहिलो की आता काहीतरी वाटेल.

आणि जे बडोद्यालाच राहिलात त्यांना आमचे फोन माहीतच आहेत, कारण आईचं बोलणं अर्ध्या दांडिया बाजाराला ऐकू जायचं. फोनच्या तारेवर तिचा विश्वास नव्हता. ती थेट कॅनडापर्यंत ओरडायची. माझी चौकशी दोन वाक्यांत आटपायची, "जेवतोस ने? टोपी घालतोस ने?" मग कार्ड संपेपर्यंत जमादार. आज पोटाखालचे केस गेले. आज कान रक्ताळला. आज कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, तर शेजारच्या जशुबेनच्या वाळत घातलेल्या साड्यांवर अंग झाडून आला.

मी त्या दोघांना कायमचं इकडे आणायचे कागद घातले होते. विषय काढला की आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "येऊ रे. पण ह्याला असा सोडून कसं येणार?"

म्हणून पहिल्या सुट्टीत बडोद्याला आलो तो थेट कुत्र्याची खाज मिटवायला. रिक्षात मांडीवर घेऊन त्याला कमाटीबागेकडच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वास घेतला, तीनदा शिंकले आणि म्हणाले, "हे घोड्याला लावा." नानांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "बघ, डॉक्टरांनाही माहीत आहे."

खरजेचा किडा नव्हताच. डॉक्टरांना गव्हाचा संशय होता. पोळी, गव्हाची जाड भाखरी, बिस्कीट, दूध, सगळं बंद. फक्त भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं मटण, आणि माणसाच्या नव्हे, त्याच्यासाठी दिलेल्या शांपूने आंघोळ. आता आम्ही लढवय्ये लोक, मटणाचं वावडं नाही, पण आजूबाजूला सगळे जैन आणि वैष्णव. जमादारसाठी कुकरची शिट्टी झाली की समोरासमोरच्या खिडक्या बंदुकीच्या गोळ्यांसारख्या फटाफट बंद व्हायच्या. वर नानांची तक्रार, "मला रविवारी, आणि ह्याला रोज?"

पण त्याहून अवघड होतं ते गल्लीला थांबवणं. आमच्याकडे कुत्र्याला भाखरी घातल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि संक्रांतीला तर घराघरांत कुत्र्यांसाठी गव्हाचे, गूळ घातलेले लाडू होतात. एवढ्याशा तुकड्याने काय होतंय, असं प्रत्येक घराला वाटायचं. नाना काठी घेऊन ओट्यावर बसू लागले. पुण्य करायला आलेल्या बायका आमच्या दारावरून वळसा घालून जाऊ लागल्या.

आणि खाज गेली. टोरांटोला परतल्यावर आईच्या फोनवरच्या वर्णनांना मी भुललो नाही, पण फोटो आला तेव्हा मान्य केलं. काळाभोर, तुकतुकीत. आई म्हणाली, "लोक त्याच्यात बघून भांग पाडतात." जशुबेन त्याला सांभाळायला तयार झाल्या. वैष्णव घरात मटण शिजणार नाही, तर त्याच्यासाठी अंगणात वेगळी शेगडी मांडते म्हणाल्या. त्या बाईंनी केवढी गोष्ट कबूल केली होती, ते बडोदेकरांना सांगायला नको. माझे कागद मंजूर झाले. मी त्यांच्या निघण्याची तारीख कळवली.

महिन्याभरात खाज परत आली.

तारीख पुढे ढकलली. खाज गेली. पुन्हा तारीख कळवली. पुन्हा कान रक्ताळला. मी इकडून नवा शांपू पाठवला, येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा पट्टा पाठवला. त्या दोघांच्या मेडिकलची मुदत उलटून गेली, ते पुन्हा करावं लागलं. शेवटी आम्हा तिघांची तिकिटं काढून मीच त्या दोघांना न्यायला आलो, तो ऐन संक्रांतीला.

आल्या आल्या जशुबेनना गाठलं. म्हटलं, लपूनछपून घालता ने त्याला भाखरी?

"सम खाईने कहुं छुं, शिरीषभाई," त्या गळ्याला हात लावून म्हणाल्या. शपथ घेऊन सांगते, तुमच्या नानांच्या काठीपुढे कोण येणार? मग पतंगाच्या दोऱ्याकडे बघत म्हणाल्या, "घरमां पूछो ने."

मला लोक विचारतात, घर कुठलं? मी पार्टीत दोन्ही हात पसरून सांगतो, बडोदे, आणि पागेची गोष्ट लावतो. लोक हसतात. पण माझ्यापुरतं घर आता एक जागा राहिलेली नाही. दोन म्हातारी माणसं सकाळी उठून ज्या कामाला लागतात, ते घर. पाणी उकळायचं, भात मोकळा करायचा, पंजे पुसायचे, ओट्यावर बसायचं. त्यात मी कुठे नाही. ह्याचं वाईट वाटायला हवं, असं मला समजतं. समजतं, एवढंच.

जशुबेनकडून निघालो तेव्हा सगळी गल्ली गच्चीवर होती. पतंग कापला की "काप्यो छे!" ची बोंब, थाळ्या, भोंगे. नाना दुसऱ्याच्या पतंगाला शिव्या देत होते. मी स्वयंपाकघरात गेलो. आई जमिनीवर बसली होती. पुढ्यात ताटली, ताटलीत गव्हाचा लाडू. ती तो बोटांनी कुस्करत होती, आणि जमादार तिच्या हातातून एकेक घास सावकाश, सवयीने खात होता.

"आई," मी म्हणालो, "त्याला परत खाज सुटेल."

तिने उरलेला लाडू त्याच्यासमोर धरला.

"सुटू दे," ती म्हणाली. "आम्हाला इथं काम आहे."